माल्टा: एक दिवस, एक बस आणि नैऋत्येचे कडे

माल्टाचा नकाशा पहिल्यांदा पाहिला की वाटतं, हे बेट एका दिवसात सहज उरकेल. मुख्य बेट लांबीला जेमतेम २७ किलोमीटर आणि रुंदीला साडेचौदा. मग लोक सकाळी राजधानी व्हॅलेटा, दुपारी मासेमारीचं गाव, संध्याकाळी बोटीने शेजारचं गोझो बेट असा बेत आखतात आणि अर्धा दिवस बसथांब्यावर काढतात. रस्ते अरुंद आहेत, गाड्या भरपूर आहेत आणि नकाशावरचे दहा किलोमीटर बसने पाऊण तास खाऊ शकतात.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. एकच दिवस हातात असेल तर बेटाची फक्त नैऋत्य बाजू घ्या. समुद्रातल्या गुहा, पाच हजार वर्षांहून जुनी दगडी मंदिरं, उंच कडे आणि तटबंदीतलं जुनं राजधानीचं गाव हे सगळं एकाच बसमार्गाच्या आजूबाजूला आहे. व्हॅलेटा अप्रतिमच आहे, पण तिला वेगळा दिवस द्या. आज तिकडे जायचा मोह टाळाच.

हे लिहिताना दोन प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर आहेत: शेंगेन व्हिसावर युरोप फिरताना दोन-तीन दिवस माल्टाला येणारे, आणि नोकरीसाठी इथे नव्यानेच आलेले, ज्यांना आठवड्यातून एक सुट्टी मिळते. इथे आता भारतीय खूप आहेत. मात्र कित्येकांचं बेट पाहणं कामाची जागा आणि भाड्याची खोली यांच्या मधल्या रस्त्यापुरतंच राहतं.

दिवस कोणता निवडायचा

एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नुसतं वरून येत नाही. फिकट चुनखडीवरून उलटून डोळ्यांत आणि हनुवटीखालीही लागतं. याच महिन्यांत जायचं असेल तर दुपारचा क्रम बदलावा लागतो, तो पुढे सांगितला आहे.

तारखेपेक्षा महत्त्वाचा आहे वारा. आदल्या रात्री हवामानाच्या ॲपवर वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची पाहा. गुहांचा किनारा दक्षिणेकडे उघडा आहे. तिकडून जोराचा वारा किंवा लाट येत असेल तर आकाश निरभ्र असूनही नावा सुटत नाहीत. अशा दिवशी नावेचा भाग गाळा, बाकी सगळं तसंच करा.

बस

या दिवसाची बस २०१ नंबरची. ती विमानतळावरून निघते, झुर्री गावातून किनाऱ्यावर उतरते, गुहा आणि मंदिरांवरून दिंगलीच्या कड्यांकडे जाते आणि रबातला संपते. रबात म्हणजे जुन्या राजधानीच्या, इमदीनाच्या, वेशीबाहेरचं गाव. तुम्ही व्हॅलेटात उतरला असाल तर तिथल्या मुख्य बसस्थानकावरून ७४ नंबरची बस झुर्रीमार्गे याच किनाऱ्याला येते. स्लीमा किंवा सेंट ज्युलियन्सला राहणाऱ्यांनी आधी व्हॅलेटा किंवा विमानतळ गाठावा. मार्ग आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे सरकारी बससेवेचं ‘तल्लिन्या’ ॲप फोनवर हवंच.

दोन-तीन गोष्टी नव्या माणसाला कोणी सांगत नाही. थांब्यावर नुसतं उभं राहिलं तर बस निघून जाते. ती दिसताच हात करावा लागतो. बस भरलेली असेल तर हात करूनही थांबत नाही. २०१ फार थोड्या थोड्या वेळाने येणारी बस नाही, त्यामुळे एक चुकली की पुढची किती वाजता आहे हे आधीच पाहून ठेवा. बसमध्ये काढलेलं तिकीट दोन तास चालतं आणि तेवढ्या वेळात बस बदलता येते. इथे राहण्याचा परवाना असलेल्यांनी स्वतःच्या नावाचं तल्लिन्या कार्ड काढून घ्यावं. ऑक्टोबर २०२२ पासून त्या कार्डावर नेहमीच्या बसने प्रवास मोफत आहे. नव्याने आलेल्या कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं आणि ते महिनोन् महिने पैसे मोजत राहतात.

पाट्या वाचताना गोंधळ होईल. माल्टी भाषा रोमन लिपीत लिहिली जाते, पण तिचं मूळ अरबीत आहे, आणि काही अक्षरं लिहिली तरी नीट ऐकू येत नाहीत. बसचालकाला नाव सांगण्याऐवजी फोनवर थांब्याचं नाव दाखवलेलं बरं. इंग्रजी इथे सर्रास चालते.

पिशवीत काय हवं

प्रत्येकी किमान दीड लिटर पाणी. या बेटावर एकही बारमाही नदी नाही आणि नळाचं बरंचसं पाणी समुद्राचं खारेपण काढून बनवलेलं असतं. पिण्याला सुरक्षित, पण चव सपक. बाटली विकत घेतली तर तिच्यावर १० सेंट अनामत आकारली जाते, ती रिकामी बाटली ठिकठिकाणच्या यंत्रात टाकून परत मिळते. टोपी, गॉगल, खांदे झाकणारी ओढणी किंवा पातळ शर्ट (चर्चमध्ये लागतो) आणि चांगली पकड असलेले बूट. चप्पल नको. इथली चुनखडी पायांखाली घासून काचेसारखी गुळगुळीत होते. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या.

सकाळी ९ च्या सुमारास: नावेतून गुहा

पहिला थांबा वीद इझ-झुर्री. खडकात आत शिरलेली एक चिंचोळी खाडी, तिच्या टोकाला नावा उतरवायचा उतार आणि वर १६३८ सालचा टेहळणीचा बुरूज. इथूनच ‘ब्लू ग्रोटो’ला, म्हणजे निळ्या पाण्याच्या गुहांना, नावा सुटतात. फेरी वीस-पंचवीस मिनिटांची. नाव लहान असते आणि लाइफ जॅकेट देतात. नावाडी एकामागून एक गुहांमध्ये नाव घालतो.

सकाळचीच वेळ का, ते समजून घ्या. सूर्य तिरपा असताना उजेड गुहेच्या तोंडातून पाण्यात शिरतो, तळाच्या पांढऱ्या वाळूवरून उलटतो आणि पाणी आतून पेटल्यासारखं निळं दिसतं. खडकावरचे जांभळे, नारिंगी, हिरवे पट्टेही याच वेळी उठून दिसतात. दुपार कलली की गुहा सावलीत जाते आणि तेच पाणी साधं गडद निळं होतं. शिवाय सकाळी समुद्र बहुतेक वेळा शांत असतो. नाव लागण्याचा त्रास असेल त्यांनी तासभर आधी गोळी घ्यावी.

नावा बंद असतील किंवा पाण्याची भीती वाटत असेल तर मंदिरांकडे चढणाऱ्या रस्त्यावर एक जागा आहे, तिथून खडकाची मोठी कमान वरून पूर्ण दिसते. तिथे पैसे लागत नाहीत. फोटोसाठी कठड्यापलीकडे उतरू नका. चुनखडीची कड वरून भक्कम दिसते आणि खालून समुद्राने पोखरलेली असते. गोझोतली ‘अझूर विंडो’ ही प्रसिद्ध कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात अशीच कोसळली. आजही लोक तिचा पत्ता विचारत येतात.

साडेदहाला: हाजर ईम आणि इमनायद्रा

गुहांपासून मंदिरांपर्यंत चढाचा रस्ता आहे, पायी वीस-पंचवीस मिनिटांचा. ऊन कडक असेल तर २०१ पकडा. दोन्ही मंदिरांचं तिकीट एकच असतं. त्याचा कागद जपून ठेवा, खालच्या मंदिरापाशी, इमनायद्रालाही, लागू शकतो.

दिवसातला सर्वांत जास्त वेळ इथे द्या, दोन तास तरी. घाई करणारे वीस मिनिटांत बाहेर येतात आणि ‘नुसते दगड आहेत’ असं म्हणतात. काय पाहायचं हे कोणी सांगितलं नाही तर तसं वाटणं साहजिक आहे.

आधी काळ लक्षात घ्या. ही बांधकामं इसवी सनापूर्वी सुमारे ३६०० ते ३२०० या काळातली आहेत, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षा निदान सहाशे वर्षांनी जुनी. बांधणाऱ्यांकडे धातू नव्हता. धारदार हत्यारांसाठी लागणारा ज्वालामुखीचा काचेसारखा दगड ते समुद्रापलीकडून, सिसिलीजवळच्या लिपारी आणि पँटेलेरिया बेटांवरून आणत. एवढ्या साधनांत त्यांनी हाजर ईममध्ये उभी केलेली सर्वांत मोठी शिळा वीस टनांच्या आसपास आहे.

प्रवेशकेंद्रातली छोटी फिल्म आणि प्रतिकृती टाळू नका. आतल्या कोनाड्यांचा नकाशा डोक्यात बसला तर बाहेरची रचना लगेच उलगडते. मग हाजर ईमच्या दर्शनी भिंतीपुढे उभे राहा: दोन उभ्या शिळा, त्यांवर एक आडवी. आत गेल्यावर एकाच सलग शिळेत चौकोनी भोक पाडून केलेले दरवाजे शोधा. काही दगडांवर बारीक टिंबं टोचून केलेली नक्षी आहे. अर्धवर्तुळाकार दालनं, कोनाड्यांतली दगडी मेजं, भिंतीतलं एक लहान आरपार छिद्र यांचा नेमका उपयोग काय होता, यावर अभ्यासकांचे अंदाज आहेत. ‘मंदिर’ हे नावही आपण दिलेलं. त्या लोकांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही.

आता दगडाकडे पाहा, कारण आजच्या सगळ्या दिवसाचा धागा तोच आहे. माल्टात मुख्यतः दोन प्रकारची चुनखडी मिळते. एक मऊ, मधाच्या रंगाची, ग्लोबिजेरिना नावाची. ती कापायला सोपी, पण खाऱ्या वाऱ्याने सोलपटत जाते. दुसरी राखाडी, कठीण, कोरलाइन. हाजर ईम पूर्ण मऊ दगडाचं आहे, म्हणून त्याच्या शिळा मधमाश्यांनी पोखरल्यासारख्या झाल्या आहेत. सहज अर्धा किलोमीटर उतरून गेलं की इमनायद्रा येतं. तिथल्या बाहेरच्या भिंती कठीण दगडाच्या आहेत आणि त्या अजून ताठ आहेत. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हा फरक पटकन दिसतो.

२००९ मध्ये दोन्ही ठिकाणांवर मोठे पांढरे तंबू उभारले. फोटो बिघडतो अशी तक्रार खूप ऐकू येते. मला तंबू योग्यच वाटतात. ऊन आणि पाऊस आळीपाळीने झेलत या शिळा डोळ्यांदेखत झिजत होत्या. आणि आपल्यालाही त्याचा फायदा होतो: ऐन बारा वाजता सावलीत उभं राहून पाहता येतं. म्हणूनच नाव आधी आणि मंदिरं नंतर, असा क्रम मी सांगतो.

इमनायद्राचं दक्षिणेकडचं मंदिर खास आहे. २० मार्च आणि २२ सप्टेंबरच्या सुमारास, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, उगवत्या सूर्याचा झोत दारातून सरळ आतल्या टोकापर्यंत जातो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवशी तोच झोत दाराच्या डाव्या-उजव्या शिळांच्या कडांवर पडतो. त्या पहाटे पाहायला मोजक्याच लोकांना सोडतात आणि तिकिटं फार आधी संपतात. या तारखांना येणार असाल तर ही स्थळं सांभाळणाऱ्या हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर महिन्या-दोन महिन्यांआधीपासून लक्ष ठेवा. आणि खिशातलं माल्टाचं १, २ किंवा ५ सेंटचं नाणं काढून बघा. त्यावर याच मंदिरातली वेदी आहे.

शिळांना हात लावू नका आणि दोरीपलीकडे जाऊ नका, हे मी नेहमीची सूचना म्हणून सांगत नाही. २००१ मध्ये काही जणांनी रात्री इथे घुसून साठेक शिळा पाडल्या आणि फोडल्या. त्या पुन्हा उभ्या केल्या गेल्या, पण सांधे दिसतात.

खाली उतरल्यावर समुद्रात एक सपाट माथ्याचं उजाड बेट दिसतं, ते फिल्फ्ला. ब्रिटिश आरमार १९७१ पर्यंत त्याच्यावर तोफगोळ्यांचा सराव करत असे. आता ते पक्ष्यांसाठी राखीव आहे. इमनायद्राच्या बाजूलाच १६५९ चा हमरिया बुरूज आहे. नाइट्सच्या, म्हणजे तेव्हा इथे राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या, काळात असे तेरा बुरूज अवघ्या दोन वर्षांत उभारले गेले, एकावरून पुढचा दिसेल अशा अंतराने. शत्रूचं जहाज दिसलं की धुराची किंवा जाळाची खूण बुरुजाबुरुजांवरून राजधानीपर्यंत पोचे. बुरुजापर्यंत चालत जा आणि दुसरा कुठे दिसतो ते शोधा.

जेवण

मंदिरांजवळ उपाहारगृह आहे, पण पर्याय कमी. शाकाहारी असाल तर सकाळी गावातल्या बेकरीतून डबा बांधून घेणं शहाणपणाचं. ‘होब्झ बिझ-झेत’ म्हणजे कडक सालीचा पाव, त्यावर टोमॅटोचा दाट गर, ऑलिव्हचं तेल आणि केपरच्या आंबट-खारट कळ्या. त्यात बहुधा टूना मासा असतो, नको असेल तर आधीच सांगा. ‘पस्तित्सी’ हा पदरापदरांचा गरम खारा प्रकार आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण भरून मिळतो. सारण शाकाहारी असलं तरी पारंपरिक पारीत डुकराची चरबी घालतात, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. चरबी न घालता करणारेही आहेत.

दुपारी: इथे ऋतू पाहून वाट बदला

हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सूर्य पाचच्या आसपास मावळतो. तेव्हा मंदिरांवरून २०१ ने आधी दिंगलीचे कडे गाठा, सूर्यास्त तिथे पाहा आणि अंधार पडल्यावर इमदीनात शिरा. रबातमधली भुयारी दफनभूमी तेवढी हुकेल.

उन्हाळ्यात उलट करा. दोन ते पाच कड्यांवर काढणं त्रासाचं आहे. थेट रबातला जा, जमिनीखाली उतरा, संध्याकाळी इमदीना फिरा आणि साडेसातच्या सुमारास कड्यांवर या. जूनमध्ये सूर्य सव्वाआठनंतर मावळतो.

रबात आणि इमदीना

रबातमधल्या सेंट पॉलच्या भुयारी दफनभूमीत ती बंद होण्याच्या बऱ्याच आधी पोचायला हवं. रोमनांच्या रिवाजानुसार मृतांना शहराच्या तटाबाहेर पुरत, म्हणून ही भुयारं इथे आहेत. आत मूर्तिपूजक, ज्यू आणि ख्रिस्ती अशा तिन्ही समाजांची थडगी शेजारी-शेजारी आहेत. काहींवर ज्यूंचा सात फाट्यांचा दीप कोरलेला दिसतो. खडकातच कोरलेली गोल, काठ असलेली मेजं आवर्जून पाहा. मृताच्या नावाने नातेवाईक त्यांभोवती एकत्र जेवत, असं मानलं जातं. छत बुटकं आहे आणि पायऱ्या अरुंद. गुडघेदुखी असलेल्यांनी वर प्रदर्शन पाहून थांबावं.

तिथून पायी काही मिनिटांवर इमदीना. खंदकावरचा पूल आणि १७२४ चा दरवाजा ओलांडला की गाड्यांचा आवाज एकदम मागे पडतो. आत तीनशेहून कमी माणसं राहतात. ते खरंच त्यांचं घर आहे, तेव्हा उघड्या दारांतून डोकावून फोटो घेऊ नका. १५३० मध्ये नाइट्स आले आणि त्यांनी बंदराजवळ बस्तान मांडलं, तोपर्यंत ही बेटाची राजधानी होती. १६९३ च्या सिसिलीतल्या भूकंपात इथलं जुनं कॅथेड्रल ढासळलं. आजचं कॅथेड्रल लोरेन्झो गाफाने १७०५ पर्यंत पूर्ण केलं. त्याच्या दर्शनी भागावर दोन तबकड्या आहेत, एक वेळ दाखवते आणि दुसरी तारीख.

नकाशा बंद करा. गल्ल्या मुद्दाम वाकड्या आहेत, पण गाव इतकं लहान की हरवायला जमत नाही. उत्तरेच्या तटावर गेलं की अर्धं बेट समोर पसरतं. सकाळी पाहिलेली तीच मधाच्या रंगाची चुनखडी इथे वाड्यांना आहे, आणि खालच्या प्रत्येक गावातल्या घरांनाही.

दिंगलीचे कडे

बेटाचा सर्वांत उंच भाग इथेच, समुद्रापासून सुमारे २५० मीटर. काठावर १६४६ चं एकाकी चॅपल आहे, त्याच्या दोन्ही बाजूंनी रस्त्याकडेने चाला. बहुतेक ठिकाणी कठडा नाही. वाऱ्याच्या दिवशी काठापासून चांगलं अंतर ठेवा आणि मुलांचा हात सोडू नका. फटींतून उगवलेली थाइम आणि केपरची झुडपं दिसतील. माल्टाचं राष्ट्रीय फूल ‘विद्नेत इल-बाहार’ नैसर्गिकरीत्या फक्त याच देशातल्या समुद्रकड्यांवर उगवतं.

शेताच्या कुंपणावर किंवा दगडावर ‘आरटीओ’ अशी रोमन अक्षरं रंगवलेली दिसली तर जागा खासगी आहे, आत जायचं नाही. वसंतात आणि शरदात बंदुकीचे बार ऐकू येतात, ते पक्ष्यांच्या शिकाऱ्यांचे. पायवाट सोडू नका.

हातात तास असेल तर आतल्या बाजूला मिस्राह आर इल-कबीर इथे खडकात कोरल्या गेलेल्या जोडचाकोऱ्या पाहा. गाडीच्या चाकांसारख्या त्या एकमेकींना छेदत जातात. त्या कशाने आणि नेमक्या केव्हा पडल्या यावर अजून एकमत नाही.

परत जाताना

कड्यांवरची शेवटची २०१ कधी आहे हे सकाळीच पाहून ठेवा. ती गेली तरी घाबरू नका. कड्यांवरून दिंगली गाव पायी वीसेक मिनिटांवर आहे, तिथून रबातमार्गे व्हॅलेटाला ५२ नंबरची बस मिळते. रबातहून ५१ आणि ५३ सुद्धा जातात. फोनची बॅटरी टॅक्सीपुरती राखा. अंधारात रस्त्याकडेने चालताना टॉर्च लावा. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे, म्हणून उजवीकडून, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला.

डावीकडची वाहतूक आणि तीन चौकोनी पिनांचे प्लग, हा ब्रिटिशांचा वारसा. याच साम्राज्यामुळे १८७८ मध्ये, रशियाशी युद्ध पेटेल असं वाटत असताना, सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टाला आणले गेले होते. त्यांत मुंबई लष्कराच्या तुकड्याही होत्या.

दुसरा दिवस मिळाला तर व्हॅलेटातल्या रिपब्लिक स्ट्रीटवरच्या पुरातत्त्व संग्रहालयापासून सुरुवात करा. हाजर ईममध्ये सापडलेल्या स्थूल स्त्रीमूर्ती आणि नक्षीच्या मूळ शिळा तिथे आहेत. जागेवर तुम्ही पाहिलेल्या काही शिळा नकला आहेत. ‘हाल साफ्लिएनी’ ही खडकात कोरलेली प्रागैतिहासिक भूमिगत दफनभूमी पाहायची असेल तर तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा. तिथे दिवसाला फक्त ८० माणसं सोडतात.